रूळबाबाची खडी

ऊन डोक्यावर आलं की रूळ बाबांच्या पायांकडे सरकतो, ही बातमी एव्हाना घरोघरी पोचली होती. दोन शहरांना जोडणारी नवी रेल्वेलाईन जवळजवळ तयार होती. गाडी अजून धावली नव्हती, पण वळणावर माणसांची झुंबड मात्र रोजची झाली होती. कंपनीने घातलेलं कुंपण केव्हाच आडवं झालं होतं.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला छत्रीखाली रूळबाबा बसत. सकाळभर डोळे मिटून पुटपुटत आणि भर दुपारी एकदम हात वर करत.

"आला! ज्याच्या अंगावरून उद्या हत्तीसारखी गाडी जाणार, ते पोलाद माझ्या भक्तीला भुललं!"

आणि खरंच, रूळ चांगला चार बोटं बाहेर सरकलेला असे. बाया कपाळ टेकत, बाप्ये मोबाइल उंच धरत. संध्याकाळी रूळ मुकाट्याने जागेवर जाई. ढगाळ दिवशी मात्र बाबांचं मौन असे. देवालाही सुट्टी लागते, असं ते सांगत आणि लोकांना ते पटेसुद्धा!

लाईनच्या सुरक्षेची तपासणी करणारी इंजिनिअर बाई हे सगळं गर्दीच्या कडेला उभी राहून बघत होती. ती बदली होऊन इथे आली, तेव्हापासून तिच्याशी कामाव्यतिरिक्त कुणी बोलत नव्हतं. जी बाई रोज हे चुकलं, ते पुन्हा करा म्हणते, तिच्याजवळ डबा उघडून कोण बसणार? दिवसभरात तिला नुसतं "जेवलीस का गं?" असं विचारणारं माणूस एकच होतं, घरमालकीण काकू.

रूळ सरकण्याचं कारण तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पूर्वी रुळांच्या तुकड्यांमध्ये फट ठेवत. आता मैलोन्‌मैल रूळ सलग जोडतात. म्हणून ते ठरावीक तापमानालाच घट्ट बसवावे लागतात. इथे उद्घाटनाची घाई होती, म्हणून ठेकेदाराने ते पहाटेच्या गारठ्यात बसवून टाकले. ऊन लागलं की लोखंड वाढणार, वाढायला जागा नाही, मग ते बाजूला ढकलणारच. तिने साहेबांना हे सांगितलं होतं.

"अहो, लोक खूश आहेत, फुकटात जाहिरात होतेय. तुम्हाला काय खुपतंय?" साहेब म्हणाले होते.

पण एक गोष्ट तिला उलगडत नव्हती. रूळ रोज थोडा जास्त का सरकतोय?

ते त्या दिवशी उलगडलं. बाबा प्रसाद म्हणून रुळाखालची खडी वाटत होते. एका बाईने दोन रुळांमधला दगड उचलला, तसे बाबा खेकसले, "मधली नको! स्लीपरच्या टोकाकडची घे, तिच्यात शक्ती असते."

इंजिनिअर बाईने वाकून पाहिलं, तर रुळाखालच्या आडव्या स्लीपरची टोकं उघडी पडली होती. स्लीपरच्या टोकाकडची खडीच तर रुळाला बाजूला सरकू देत नाही. हे ज्याने रूळ टाकलेत त्यालाच ठाऊक. हा बुवा कधीतरी कुठल्यातरी लाईनवर खडी भरत होता, हे नक्की. आणि आता भक्तांच्याच हातांनी तो रोज ती उपसत होता.

ती घरी आली, तर काकूंच्या खिडकीत तसाच एक दगड स्वच्छ धुऊन ठेवलेला.

"उद्या पहिली गाडी येतेय ना गं?" काकू म्हणाल्या. त्यांचा मुलगा भांडून घरातून गेला होता, त्याला वर्षं लोटली होती. "बाबा म्हणालेत, तो पहिल्या गाडीने येईल. मी तिथेच खुर्ची टाकून बसणार आहे."

"काकू, तिथे नका बसू. गाडी घसरेल तिथे."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस."

काकू बरणीच्या घट्ट बसलेल्या झाकणाशी झटत होत्या. वैतागून त्यांनी झाकणावर कढत पाणी ओतलं आणि ते सहज फिरवलं.

"हे कसं उघडलं, काकू?"

"पत्रा तापला की फुगतो. एवढं कळतं मला."

"मग रूळही लोखंडाचाच आहे. बाबा नसले तरी तो फुगणारच."

काकूंनी बरणी खाली ठेवली. "तुला कुणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून असं बोलता येतं," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

ते तिला फार लागलं. उद्या आपण तोंड उघडलं तर हे एक घरही आपल्याला बंद होणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण गप्प राहिलं तर काय होईल, तेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने वळणाच्या बऱ्याच अलीकडे लाल झेंडा रोवला. पाहुण्यांनी भरलेली पहिली गाडी लांबच खोळंबली. साहेब फोनवर तिच्या नावाने शंख करत राहिले. इकडे गर्दी खवळली.

"गाडी का अडवली?" "बाई नास्तिक आहे!" "हाकला तिला!"

खुर्चीतल्या काकू तिच्याकडे बघत नव्हत्या.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "रूळ तुमचं ऐकतो ना? मग सांगा त्याला, जागेवर जा म्हणून. गाडी थांबलीय."

"देवाला हुकूम सोडायचा नसतो, मुली."

"बरं. मग मी सांगून बघते."

तिने पाण्याचा टँकर बोलावून ठेवला होता. तापलेल्या रुळावर पाण्याचा फवारा पडला, वाफ उठली. बाबांनी मोठ्याने जप सुरू केला, पण रुळाने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. कुरकुरत, थोडाथोडा करत तो मागे सरकला. भर दुपारी, उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! जपाचा आवाज बसत गेला.

"लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आखडतं. यात ना बाबा आहे ना मी. ढगाळ दिवशी यांचं मौन का असतं, ते आता बघा ताडून."

मागून एक शिक्षक ओरडले, "ऊन सगळीकडेच पडतं. मग रूळ इथेच का सरकतो?"

"कारण इथली खडी तुमच्या घरात आहे," ती म्हणाली. "रूळ बसवताना आमच्याच लोकांनी घाई केली, ती चूक आमची. पण त्याला धरून ठेवणारे दगड या माणसाने तुमच्याकडून उपसून घेतले. आज गाडी आली असती, तर ती इथेच उलटली असती. तुमच्या अंगावर."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. श्रद्धा नसलेल्या ठिकाणी आपण क्षणभरही थांबत नाही, असं बाबा म्हणाले आणि चालू लागले. बघता बघता ते पळतच सुटले.

मग माणसं घरी गेली आणि पिशव्यांतून, पदरांतून खडी घेऊन आली. टाकायची आणि खाली मान घालून निघून जायची. चूक कळली म्हणून ती दाखवणाऱ्यावर लोकांचा जीव जडतो, असं थोडंच आहे! ती एकटीच उभी राहून ढीग वाढताना बघत होती.

शेवटी काकू आल्या. त्यांनीही दगड टाकला.

"म्हणजे तो येणार नाही तर."

"मला माहीत नाही, काकू. तुम्ही त्याला कधी बोलावलंत का?"

"इतकी वर्षं रागात गेली. आता फोन करणार होते, तर करायचा नाही असं बाबांनी बजावलं. आपण हाक मारली की दैवी ओढ तुटते म्हणे."

तिला बाबांच्या इतर सगळ्या लबाडीपेक्षा या एका वाक्याचा संताप आला. रूळ पुन्हा बसवता येतो. एका आईचे असे फुकट घालवलेले दिवस कुठून आणायचे? तुमच्याही दारात कुणी चमत्कार घेऊन आला, तर आधी एवढंच विचारा, की हा मला काय करू नको म्हणून सांगतोय. आणि तेच आधी करून बघा.

"नंबर आहे?" तिने विचारलं.

काकूंना तो पाठ होता. त्यांनी आकडे सांगितले, तिने ते दाबले आणि फोन त्यांच्या कानाला लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण बोलतंय?"

"जेवलास का रे?" काकूंनी विचारलं.

"आई?" तो म्हणाला. "आई, तूच ना? अगं, इतकी वर्षं एक फोनसुद्धा का नाही केलास?"