मोटर चार बोटं वर

दूधवाल्याची जुनी मोटर कायमची बंद पडली तेव्हा जावयाने कोणाला न विचारता नवी आणली, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन स्वतःच होडीला बसवूनही दिली. होडीच्या मागच्या फळीवर त्याने आधी एक जाड लाकडी ठोकळा चढवला, त्यावर मोटर अडकवली, बोल्ट आवळले आणि हात पुसत म्हणाला, "मोटर उंच असली की होडी हलकी पळते, बाबा. आमच्या क्लबात सगळ्या अशाच बसवतात."

क्लबातल्या होड्या शर्यतीच्या होत्या. ही होडी रुंद, बोजड, तळ्यापलीकडच्या वस्तीला दुधाचे कॅन पोचवणारी. दूधवाल्याच्या मनात शंका आली, पण जावयाने एवढ्या हौसेने केलेल्या कामात खोट काढणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "छान झालं," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरलेल्या कॅनच्या वजनाने होडी पाण्यात नीट बसली होती, त्यामुळे जाताना काही कळलं नाही. येताना कॅन रिकामे. वळण घेताना होडीचा मागचा भाग जरा उचलला गेला, मोटरीचा पंखा पाण्याबाहेर आला आणि मोटर जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. आवाज मोठा, होडी मात्र जागच्या जागी.

"मग घ्या की खाली," घरी बायको म्हणाली.

"आणि ठोकळा कुठे गेला म्हणून जावईबापूंनी विचारलं तर?"

"तर सांगा, चुलीत घातला."

त्याने काही ठोकळा काढला नाही. बायको अंगाने चांगली भरलेली होती. चार-पाच दिवसांनी तो चाचरत म्हणाला, "तू येतेस का बरोबर? मागे बसलीस तर पंखा पाण्यात राहील."

"म्हणजे मी आता वजन?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. वाळूचं पोतं ठेवा."

"ठेवून बघितलं. वळताना ते कलत नाही. तुला सांगितलं की तू कलशील."

ती बडबडत निघाली, पण निघाली. तेव्हापासून रोज सकाळी ती मोटरीला खेटून बसायची आणि नवऱ्याने "डावीकडे" म्हटलं की डावीकडे झुकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तळ्यापलीकडची वस्ती तिने तोवर नीट पाहिलीही नव्हती. नवरा दारोदार दूध घालेपर्यंत ती धक्क्याजवळच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे टेकायची. नुसतं काय बसायचं, म्हणून काजं करायला लागली.

असा महिना गेला. मग एका सकाळी जावई मोटर कशी चालली आहे ते बघायला आला. सासूबाई होडीत चढायला लागल्या तर म्हणाला, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता? आज मी आहे ना."

सासूने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पाण्याकडे पाहिलं. ती मागे फिरली.

त्या दिवशी येताना मोटर जावयाच्या हातात होती. त्याने ऐटीत वळण घेतलं. पंखा उघडा पडला, मोटर किंचाळली आणि होडी वाऱ्याने आडवी होऊन लव्हाळ्यात घुसली.

जावयाने मोटर बंद केली.

"रोज असं होतं?" जावयाने विचारलं.

"रोज नाही. रोज तुमच्या सासूबाई असतात."

जावयाला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्याचे कान लाल झाले. "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही हौसेने केलं होतं."

"हौस मोटरीची होती, बाबा. ठोकळ्याची नव्हती."

वल्ही मारत त्यांनी काठ गाठला, होडी वर ओढली. जावयाने एक लांब सरळ पट्टी होडीच्या तळाला लावून मागे काढली. पंख्याच्या वर मोटरीला जो आडवा पत्रा असतो तो तळाच्या रेषेत किंवा जेमतेम खाली हवा. तो होता चांगला चार बोटं वर. त्यांनी ठोकळा काढून टाकला. आता मोटर फारच खाली गेली: मागून पाण्याचे फवारे उडाले आणि होडी चिखलातून ओढल्यासारखी जड चालली. मग सासऱ्याने एक पातळ फळकुट तासून मधे घातलं. या वेळी वळणावरही आवाज बदलला नाही.

"जमलं," जावई म्हणाला. सासऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. असं त्याने याआधी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन चढवताना दूधवाला बायकोला म्हणाला, "आजपासून सुटलीस तू. झोप निवांत."

ती चपला घालत होती. "सुटले कसली? पलीकडे त्या बाईकडचे पडदे अर्धे शिवून पडलेत. संध्याकाळपर्यंत थांबेन म्हणते तिथेच."

"आणि परत?"

"न्यायला या."

मोटर आता तिच्या वजनावाचून व्यवस्थित चालत होती, पण संध्याकाळची एक फेरी त्याला वाढली ती वाढलीच. पेट्रोल किती जळतं हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. पलीकडच्या धक्क्यावर मात्र तो तिच्या आधीच येऊन थांबलेला असायचा.