चार बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पूल आहे. अजून उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी डोळे पुसायला नको. या शहराच्या पोस्टकार्डांवर आणि बिस्किटांच्या डब्यांवर जो दोन कमानींचा तांबडा पूल दिसतो ना, तोच मी. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण लोकांनी केलेली सांगायला काय हरकत आहे?

माझा जन्म नदीकाठच्या कारखान्यात झाला. पाच वर्षे घणांचे घाव सोसले, तेव्हा कुठे आकाराला आलो. माझे एक टोक काठावरच्या दगडी बांधकामात पक्के बसवले. दुसरे मात्र लाटण्यासारख्या गोल लोखंडी रोलरांवर नुसते टेकवले आणि त्याच्यापुढे चार बोटांची फट सोडली. मला बांधणारे इंजिनीअर म्हणाले होते, "लोखंड उन्हात वाढतं. त्याला सरकायला जागा ठेवा, म्हणजे ते कधी कुरकुरणार नाही."

पहिल्या दिवशी माझ्यावर पाय ठेवायला कोणी धजेना. नावाडी तर छातीठोकपणे सांगत होता, "आठ दिवसांत कोसळतोय बघा!" पुढे तोच उन्हाच्या वेळी माझ्या सावलीत होडी बांधून घोरू लागला. मग एका महापुरात शहरातले दुसरे दोन्ही लाकडी पूल वाहून गेले आणि नऊ दिवस मी एकट्याने अख्खे शहर पाठीवरून नेले-आणले. तेव्हापासून मी शहराचा लाडका झालो.

सगळ्यात जास्त माया केली ती रंगाऱ्यांच्या मुकादमाने. लोक त्याला ब्रशबाबा म्हणत. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाचा रंग उडालेला असायचा. की पुन्हा पहिल्यापासून. असे त्याने चाळीस वर्षे केले. "गंज म्हणजे आपला वैरी," तो आपल्या माणसांना बजावायचा. "नखाएवढंही लोखंड उघडं दिसता कामा नये!" मीही लाडावलो होतो. कोणाला लाड नको असतात?

तो थकला तेव्हा त्याची लेक मुकादम झाली. त्याच सुमारास माझ्या रोलरांकडच्या टोकाच्या दगडांना तडे जाऊ लागले. दर उन्हाळ्यात ते वाढत. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मलाही कळते हो, पण माझे अंथरूणच आखडले होते! कुठे दुखते ते मला ठाऊक होते. सांगणार कसे?

नगरपालिकेचे साहेब आले, त्यांनी तडे मोजले आणि म्हणाले, "पूल थकलाय. पुढच्या महिन्यात पाडायला घेऊ." मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटले. काम जमत नाही म्हणून कोणी घालवले असते तर सोसले असते. पण माझ्या अंगात अजून बळ होते.

लेकीचे मन मानेना. ती खरवडणी घेऊन माझ्या टोकाखाली शिरली. तिथे रंगाचा बोटभर जाड थर होता. खरवडू लागली तसे तांबड्याखाली करडा, त्याखाली हिरवा, पुन्हा तांबडा असे थर निघाले आणि सगळ्यांच्या आत रोलर दिसले, एकमेकांना घट्ट चिकटलेले. पुढची फटही रंगाने बुजून गेली होती, म्हणूनच उन्हात वाढलो की मी दगडांना रेटत होतो.

घरी जाऊन तिने वडिलांना सांगितले. "बाबा, आपणच जखडलंय त्याला."

ब्रशबाबाने कोपऱ्यातली काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "नगरपालिकेची सभा कधी आहे?"

"परवा. पण तुम्ही कशाला? मी सांगते ना."

"अगं, रंग मी दिला. माझ्या चुकीचं खापर पुलाच्या डोक्यावर कशाला?"

सभेत त्याने काठी टेकत भरल्या सभागृहासमोर सगळे कबूल केले. साहेब हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी नकाशे काढून पाहिले आणि म्हणाले, "पंधरा दिवस देतो. सुटला तर राहील."

पंधरा दिवस लेकीची माणसे खरवडत होती, तेल सोडत होती. शेवटच्या दिवशी सकाळी ब्रशबाबाने माझ्या टोकाशी दगडावर खडूची रेघ ओढली. दोन्ही काठ माणसांनी फुलले होते. ऊन चढले. मी तापलो. दुपारी पोटातून असा दणका निघाला की साहेबसुद्धा दोन पावले मागे सरले! लेक मात्र माझ्यावर हात ठेवून उभीच राहिली. अनेक वर्षांनी मी हातपाय ताणले होते. ब्रशबाबा वाकला, रेघेपाशी बोटे लावली आणि ओरडला, "दोन बोटं! पूर्ण दोन बोटं सरकला!"

मग माझे बळ तपासायला दगड भरलेले वीस ट्रक एकदम माझ्यावर उभे केले. मी हूं की चूं केले नाही. काठांवरून असा जल्लोष उठला की महापुरानंतरही तेवढा ऐकला नव्हता. साहेबांनी पाडण्याचा हुकूम तिथेच फाडला.

तेव्हा मित्रांनो, एवढेच मागणे आहे. मला रंगवा, पुसा, मिरवा. मला सगळे आवडते. पण ज्याच्यावर माया कराल त्याला काय लागते, हे आधी बघा. आजही लेक मला रंगवत त्या टोकाशी येते, तेव्हा ब्रश बाजूला ठेवते, फटीत चार बोटे घालून बघते आणि मगच घरी जाते.