अमृतच्या गाडीचा आवाज

सिद्धराम मिस्त्रीच्या अमृतची गाडी सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं. असली गुरगुरायची, की म्हशी पान्हा चोरायच्या आन् शेजारच्या चनबसप्पाची कवळी वाटीतल्या पाण्यात नाचायची! इंजनात पेट्रोल जरा जास्तीचंच सोडलं हुतं पोरानं. त्याला तसलाच आवाज लागायचा.

दसऱ्याच्या आधी टेंभुर्णीजवळ दोस्ताच्या मोटरसायकलवरनं अमृत पडला, तो उठलाच न्हाय. त्याची आई केराबाई तवा खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात. डोळ्यानं दिसत न्हाय, काळीज कच्चं. डॉक्टर म्हनले, "इतक्यात सांगू नका."

मग तिला घरी आणल्यापास्नं सिद्धराम रोज सकाळी लेकाची गाडी काढायचा, संध्याकाळी परत आणायचा. केराबाईला वाटायचं, पोरगं कामावर गेलं, आलं.

"माझ्याजवळ बसत का न्हाय वो त्यो?" ती नवऱ्याला इचारायची.

"तू झोपल्यावर पाया पडून गेला की! आज श्रीपूरला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, तर पठ्ठ्यानं उचलून बांधावर ठिवला." सिद्धराम थाप ठोकायचा.

केराबाई हसायची. अमृतची बायको ऋतुजा हातात काकणं घालूनच हिंडायची, सासूला खळखळ ऐकू यावी म्हनून.

एक दिस गाडी सुरूच हुईना. रोजच्या छोट्या चकरांनी प्लग काळेकुट्ट. सिद्धरामनं ते घासले, धूर काढत कशीतरी गाडी चालू केली. सायलेन्सरच्या नळीत सेन्सर बसवलेला. जळल्यावर धुरात हवा किती उरली, त्यो सांगतो; आकडा एक आला की हवा-पेट्रोलचं माप बरोबर. ऋतुजानं अमृतचा लॅपटॉप जोडला.

"एकच्या लई खाली हाय, मामा."

"म्हंजे पेट्रोल जास्त. कमी कर. आजून जरा."

आकडा चढला. धूर गेला. इंजन असं चाललं, जसं मांजर चुलीपाशी निजलंय.

"बरोबर एक!" ऋतुजा म्हनली.

"आता कसं!" कित्येक दिसांनी सिद्धरामचा चेहरा फुलला. मिस्त्रीचा हात त्यो. बिघाड दिसला की दुरुस्त केल्याबिगर राहवतंय व्हय?

तेवढ्यात आतनं केराबाईची हाक आली. "कुनाची गाडी हाय वो ती?"

सिद्धरामचा हात थांबला. "पैलं हुतं तसं कर, बाय."

"त्यांच्या सेटिंगवरच सेव्ह झालं, मामा." ऋतुजानं लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. "त्यांचं गेलं."

पेट्रोल वाढवून बघितलं, कमी करून बघितलं. गाडी भकभकली, खोकली. अमृतवानी एकदाबी गुरगुरली न्हाय.

सिद्धराम आत जाऊन खाटेवर बसला.

"अमृतची गाडी कुटं हाय?" केराबाईनं इचारलं. "सांगा की. आज कुनी आडवलं माझ्या वाघाला?"

एवढ्या थापा मारलेला मानूस, पन आज थाप मारली न्हाय. त्यानं बायकोचा हात धरला.

"केरा, अमृत न्हाय गं ऱ्हायला. दसऱ्याच्या आधीच गेला."

केराबाईनं त्याचा हात घट्ट धरला. मग हळूच म्हनली, "जेवून निगाला हुता का त्यो?"

सिद्धरामला ठावं नव्हतं. त्यानं दाराकडं बघितलं. ऋतुजा तितं उभी हुती, तोंडात पदर कोंबून. तिनं मान हलवली — न्हाय.

"व्हय," सिद्धराम म्हनला. "पोटभर."