धाकटीचा दोष

देवरामला लघवीला जळजळ होऊ लागली, तेव्हा त्याच्या आईने, मालूबाईने, त्याच्या दोन्ही बायकांना समोर उभं केलं. दोघींच्याही अंगावरून जात होतं. जिने ही घाण घरात आणली तिने माहेर गाठावं, असं म्हणून तिने दोघींना शनवारा पेठेतल्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

थोरली भागाबाई बारा वर्षं नांदत होती. तिचे आईबाप वारलेले, त्यामुळे गाठायला माहेरच नव्हतं. धाकटी विमल सतरा वर्षांची. तपासणी होताच ती लाजेने बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बाईंनी दोघींचं पाणी काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि भागाबाईला जवळ बसवलं.

"धाकटीचं साधं आहे. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, खाज आहे, वास नाही. ती बुरशी. जांभळं औषध लावलंय, आठवड्यात बरी होईल. तुमचं पिवळट-हिरवं, फेसाळ आहे, वासही घाण. त्यात जंतू वळवळताना दिसले. हे नवऱ्याकडून आलंय. त्यांनाही औषध लागेल, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा आजारी पडाल."

भागाबाईने मान डोलावली. नवऱ्याकडून आलं हे घरात कोण ऐकणार, हे तिला ठाऊक होतं.  टांग्यातून परतताना राजघाटाच्या वळणावर तिने बाईंनी दिलेली आपली औषधाची पुडी रस्त्यात टाकून दिली. विमलने विचारलं, तर म्हणाली, उष्णतेची आहे, कडू लागते.

घरी तिने बाईंचं सगळं सांगितलं, फक्त नवऱ्याचं गाळून आणि दोघींची नावं फिरवून. मालूबाईने विमलचं लुगडं ओढून पाहिलं. जांभळे डाग दिसले. तिला आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी इच्छापुराहून विमलचा बाप गाडी घेऊन आला. मुलीकडे न पाहता त्याने बैल वळवले. भागाबाईनेच तिचं गाठोडं बांधून दिलं.

"आक्का," विमल हळूच म्हणाली, "बाईंनी माझं नेमकं काय सांगितलं होतं?"

"तुझ्या कानांना ऐकवणार नाही असं."

आठवड्यात विमल बरी झाली. बापाने तिला गोठ्याशेजारी वेगळी चूल मांडून दिली, तिच्या हातचं पाणी घरात कुणी घेईना.

इकडे भागाबाईचं दुखणं वाढतच गेलं. बाईंकडे पुन्हा जावं, तर खोटं उघडं पडणार. आखाजीच्या सणानंतर देवरामने तिसरी बायको केली. हळदीच्या दिवशी ओटीपोटात कळ येत असताना भागाबाई पाहुण्यांना पुरणपोळ्या वाढत होती.