बारा मैलांच्या आत

हार्लन प्रुएटला अमेरिका सोडून एकोणीस वर्षं झाली होती आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. होंडुरासच्या बेटावरच्या ओक रिज गावात, धक्क्यावर कुणी नवखा अमेरिकन भेटला की पाचव्या वाक्याला तो सांगायचाच, "एकोणीस वर्षांत तिकडे पाऊल ठेवलेलं नाही."

"तिकडे ठेवत नाही हे खरं, पण इकडे तरी कुठे ठेवतो?" त्याची बायको व्हर्लीन शेजारणीला म्हणायची. दीड वर्षापूर्वी हार्लनने गोदीतली नोकरी सोडली आणि लोकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवायचा धंदा धरला. व्हर्लीन घरी नारळाचा पाव भाजून विकायची आणि नवरा कधी उगवतो त्याची वाट बघायची. घरी राहा म्हणून तिने विनवलं, रुसून पाहिलं, एकदा पाद्रीबाबांनाही मध्ये घातलं. गडी ढिम्म.

अमेरिकेत पाऊल ठेवलं नाही तरी अमेरिकेच्या आयकराचे कागद दरवर्षी पाठवावेच लागत. परदेशातल्यांना पंधरा जूनची मुदत असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं मिस जुनीता मॅक्नॅबकडे गेली. मिस जुनीता बेटावरचीच, पण वीस वर्षं टॅम्पात कारकुनी करून परतलेली. आता इथल्या अमेरिकनांचे कागद तीच भरायची.

"परदेशात कमावलेल्या पैशाला सूट आहे," ती म्हणाली, "पण बारा महिन्यांत तीनशे तीस दिवस परदेशात काढलेले हवेत. तुझी नोंदवही दे."

हार्लनने वही पुढे केली. रोज दुपारी बारा वाजता बोट कुठे आहे ते तो त्यात लिहायचा, आणि त्यात एक अक्षर खोटं नसायचं. मिस जुनीता पानं उलटत पेन्सिलीने खुणा करत राहिली.

"दोनशे सत्तेचाळीस भरतात."

"काहीतरीच काय. वर्षभर मी अमेरिकेच्या वाऱ्यालासुद्धा उभा राहिलो नाही."

"नसशील. पण भर समुद्र हा परदेश नाही. तिथे कुणाचाच देश नाही. एकशे अठरा दिवस तू तिथे होतास."

"म्हणजे ते दिवस मी होतो कुठे?"

"सरकारच्या लेखी? कुठेच नाही."

व्हर्लीनला हसू फुटत होतं. तिने रुमाल तोंडाला लावला.

"दुसरी एक वाट आहे," मिस जुनीता म्हणाली. "तू होंडुरासचा कायमचा रहिवासी आहेस असं दाखवता येईल."

आता हार्लन खिडकीबाहेर बघायला लागला. रहिवासी परवान्याचा खर्च आणि खेटे नकोत म्हणून दर तीन महिन्यांनी, राहायची मुदत संपली की, तो कुठल्या तरी सीमेवर जाऊन परत यायचा. प्रत्येक वेळी प्रवेशाच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहायचा: पर्यटक.

"एकोणीस वर्षं पर्यटन चाललंय याचं," व्हर्लीन म्हणाली. "अजून बेट बघून झालेलं नाही."

"वहीत थोडं इकडचं तिकडे केलं तर?" हार्लनने हळूच विचारलं, आणि लगेच स्वतःच मान हलवली. नोंदवहीत खोटं लिहिणाऱ्या दोन खलाशांना त्याने स्वतः बोटीवरून उतरवलं होतं.

घरातलं बोटीचं जादा इंजिन विकून त्याने कर भरला. मिस जुनीताने समजावलं, बारा महिने कुठूनही मोजता येतात, म्हणून आजपासून मोजू. वर्षभरात भर समुद्रात फार तर पस्तीस दिवस. जे पाद्रीबाबांना जमलं नाही ते आयकराने एका दुपारी केलं. हार्लन घरी राहिला. त्या दिवशी व्हर्लीनने आनंदाने शंखाचं कालवण केलं.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पीठ किती वाजता भिजलं, भट्टी किती तापली, वारा कुठला, सगळं भिंतीवरच्या फळ्यावर येऊ लागलं. पाव घ्यायला आलेल्या बायका गप्पा मारत उभ्या राहिल्या की तो म्हणायचा, "धक्का मोकळा करा." दोघी-तिघींनी यायचंच बंद केलं.

"त्या पस्तीस दिवसांतले काही वापर की," व्हर्लीनने सुचवलं.

"अडीअडचणीला राखून ठेवलेत."

सप्टेंबरात ती एकटीच मिस जुनीताकडे गेली. "मिस जुनीता, नवऱ्याला घराबाहेर काढायचंय, पण देशाबाहेर जाता कामा नये. तुमच्या कायद्यात काही आहे का?"

मिस जुनीता पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, किनाऱ्यापासून बारा मैलांपर्यंतचं पाणी होंडुरासचंच. तेवढ्यात राहिला तर सगळे दिवस परदेशातलेच."

व्हर्लीन तिथून थेट मावसभावाच्या वखारीत गेली. त्याची मालाची होडी बेटाभोवती गावोगाव फिरायची आणि त्याला तांडेल हवा होता.

हार्लनने ऐकून नाक मुरडलं. "किनाऱ्याला चिकटून कांदे-बटाटे वाहायचे? त्याला कॅप्टन कशाला लागतो?"

"नको तर राहू दे. उद्या पहाटे पन्नास पावांचं पीठ मळायचंय, मला हात दे."

सोमवारी पहाटे तो होडीवर गेला. नवी कोरी वही काखेत होती. व्हर्लीनने डबा दिला आणि विचारलं, "परत कधी?"

"चारला."

"सहा वाजले तरी चालतील," ती म्हणाली आणि आत येऊन फळा पुसायला लागली.