चव घेतली, खाल्लं नाही

भट्टीकाकू मरणाला भीत नसत. "त्यानं बोलावलं की हातातली चाळण ठेवून उठेन," असं त्या वर बोट दाखवून हसत हसत सांगायच्या. त्यांना भीती एकाच गोष्टीची, ओकारीची. सात वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढली तेव्हा भूल उतरल्यावर दोन दिवस त्या भांड्यात तोंड घालून बसल्या होत्या. प्रत्येक उमाशाला टाक्यांना हिसका, आणि प्रत्येक हिसक्याला डोळ्यांपुढे काजवे. म्हणून आता पित्ताशयात खडे निघाले, कळ पार पाठीत शिरू लागली, तरी शस्त्रक्रियेचा दिवस आला की काकूंना पाय फुटायचे. मागच्या खेपेला तर त्या दवाखान्याच्या मागच्या दारानं सटकल्या होत्या. "या वेळी टाळलंत तर खडे काही तुमच्या सोयीनं वागणार नाहीत," असं सर्जननी बजावलं होतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र न हसता सगळं ऐकून घेतलं. देव कुणाकुणाला कान देताना हात सैल सोडतो, त्यातल्या त्या.

"मावशी, उलटीवरचं इंजेक्शन मी देणारच आहे. सोबतीला सुंठ देऊ. भुलीच्या तासभर आधी एक ग्रॅम सुंठीची कॅप्सूल, घोटभर पाण्याबरोबर. काहींना गुण येतो, काहींना नाही. रक्त पातळ करायची गोळी घेत नाही ना?"

"छे हो, रक्त चांगलं घट्ट आहे माझं."

"मग झालं. कॅप्सूल आम्हीच देऊ. मध्यरात्रीनंतर पोटात अन्नाचा कण नको."

काकूंच्या मनात यातली सुंठ तेवढी राहिली. आणि जिनं तीस वर्षं बिस्किटं भाजली, तिच्या मनात शिरलेली सुंठ दुसऱ्या कुठल्या रूपानं बाहेर येणार? वॉर्डात आपल्यासारख्याच धास्तावलेल्या किती बाया असतील, त्यांच्याही तोंडी पडू दे, असा कनवाळू विचार त्यांनी केला. दाखल व्हायचं होतं नवाला. पहाटेच उठून त्यांनी पीठ मळलं, हात सैल सोडून सुंठ घातली आणि सातच्या सुमाराला सुनेसमोर बिस्किटांचा डबा बंद केला.

नवाला पलंगाशी डॉक्टरीणबाई आल्या. "काही खाल्लं नाही ना?"

"देवाशपथ नाही. चव घेतली फक्त."

"कसली चव?"

"सुंठीच्या बिस्किटांची. चव घेतल्याशिवाय आमच्या भट्टीतून ट्रे बाहेर जात नाही. ट्रेमागे एक, असा नियमच आहे."

"ट्रे किती होते?"

काकू छताचा पंखा निरखू लागल्या. पायथ्याशी बसलेल्या काकांनी मुकाट्यानं चार बोटं वर केली.

"फितूर मेला!" काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून हसल्या, डबा सातला बंद झाल्याचं सोबत आलेल्या सुनेकडून विचारून घेतलं, मग शेजारी बसल्या. "मावशी, भुलीत पोटातलं अन्न उलटून छातीत गेलं तर जिवावर बेतेल. चव म्हणा, बिस्कीट म्हणा, पोटाला ते जेवणच. आता तुमचा नंबर शेवटचा. दुपारी तीन." डबा काखेत मारून त्या गेल्या.

सहा तास! सकाळी एकवटलेलं धैर्य काही सहा तास पुरणारं नव्हतं. काकू ताडकन उठल्या. "देवाच्या मनातच नाही. चला घरी."

काकांनी जन्मात बायकोचा शब्द खाली पडू दिला नव्हता. पण आज त्यांनी तिच्या चपला उचलून पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन गच्च धरून बसले. "त्या कळा मला बघवत नाहीत गं," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"अनवाणी जाईन!"

"जा की, आई," सून म्हणाली. "पण मला एक सांगा. पीठ फुगत ठेवल्यावर मी मधेच झाकण उघडलं, तर काय म्हणता मला?"

"म्हणते, दळभद्री, दम धर."

"मग?"

काकू हळूच पलंगावर टेकल्या, पाय वर घेतले आणि डोळे मिटून नाव घेत राहिल्या. मधूनच एक डोळा उघडून घड्याळ बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. देवालाही सवय असणार त्याची. दोन वाजता सिस्टरनं कॅप्सूल दिली. काकूंनी ती घोटभर पाण्याबरोबर गिळली आणि सवयीनं जीभ टाळ्याला लावून म्हणाल्या, "हिला चवच नाही." तीनला ढकलगाडी आली, तेव्हा त्या स्वतःच तिच्यावर सरकल्या.

संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा सून भांडं घेऊन तयार होती. काकांनी मनगट धरलं होतं. काकूंचा घसा हलला, ओठ घट्ट मिटले, कपाळावर घाम आला. सगळे श्वास रोखून थांबले.

"आली का हो?" सुनेनं विचारलं.

"आली होती," काकू कण्हत म्हणाल्या. "गळ्यापर्यंत आली... आणि गेली खाली."

"सुंठीनं?" काकांनी पलंगाशी उभ्या डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"सुंठीनं, की इंजेक्शननं, की दोन्हींनी, मला नाही सांगता येणार."

"असू दे," काकू म्हणाल्या. "मी आभार वरच पाठवते. तो बरोबर वाटून देईल." हसू आलं तशी त्यांनी पोटावर हात दाबला. "हसवू नका रे, टाके दुखतात."

तासाभरानं सिस्टरनं चमच्यानं थोडं पाणी दिलं. पहिला चमचा. मग दुसरा. सून, काका, डॉक्टरीणबाई, पलीकडच्या पलंगावरची बाईसुद्धा, सगळे काकूंच्या गळ्याकडे टक लावून बघत होते. पाणी खाली उतरलं आणि तिथंच राहिलं.