वर्नाचा कोरडा घुमट

कोयोटी फ्लॅट नावाच्या माळरानावर नऊ घुमट होते आणि त्यांतले आठ गळायचे. न गळणारा नववा वर्नाचा.

माल मात्र सगळ्यांचा एकच. कोलोरॅडोतल्या जवळच्या कोळसाखाणींच्या गावात भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या गाड्या पडलेल्या असत. त्यांचे टप कुऱ्हाडीनं छाटून आणायचे, पत्र्याचे त्रिकोण कापायचे आणि लाकडी सांगाड्यावर ठोकायचे. आर्ट स्कूल अर्धवट सोडून आलेल्या पोरांनी घुमटाचं गणित अगदी बरोबर मांडलं होतं. पण पत्र्यावर पत्रा चढवला, खिळे मारले, फटीत डांबर थापलं की घर झालं, असा त्यांचा समज. वर्नानं वीस वर्षं कामगारांच्या डांगऱ्या शिवायच्या कारखान्यात काढली होती. जीनच्या पँटीला असते तशी, कडेत कड दुमडून घेतलेली दुहेरी शिवण तिनं पत्र्याला घातली. हातोडी आणि पक्कड घेऊन एकेका त्रिकोणावर ती दीड-दीड दिवस बसायची. पोरं हसली. मग पाऊस लागला तेव्हा तीच पोरं पांघरुणं काखोटीला मारून तिच्याकडे झोपायला आली, आणि तिनं सगळ्यांना घेतलं.

वर्ना एक्कावन्न वर्षांची होती. नवरा खाणीतल्या अपघातात गेलेला, आणि एकुलती एक लेक लोरेटा कॉलेज सोडून इथं आलेली, म्हणून मागोमाग हीही आली. फ्लॅटवर आल्यावर जुनं नाव टाकून द्यायचं अशी रीत होती. लोरेटाची विलो झाली. वर्ना म्हणाली, "मला माझं आहे तेच जेमतेम लक्षात राहतं," आणि नाव तसंच ठेवलं. नाव बदललं त्या दिवसापासून लेकीनं तिला 'आई' म्हणणंही सोडलं होतं. वर्नाच्या ते जिव्हारी लागलं होतं, पण लेक डोळ्यांसमोर होती, एवढ्यावर ती दिवस काढत होती.

अडुसष्टच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाचे कुणी एन्स्ली म्हणून गृहस्थ आले. त्यांना प्रदर्शनात एक अख्खा घुमट उभा करायचा होता. नऊच्या नऊ बघून झाल्यावर ते वर्नाच्या घुमटाशी थांबले आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिले. "हा सुटा करून पुन्हा जोडता येईल, नाही का हो?" त्यांनी विचारलं. येईल, असं वर्नाच अभिमानानं म्हणाली. इतकं कौतुक तिच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं, तेव्हा बिचारी बोलून गेली.

फ्लॅटवर पुढारी कुणी नव्हता. हे क्लेम स्वतः सांगायचा, आणि तो सांगायला लागला की सगळे गप्प बसून ऐकायचे. क्लेम सव्वीस वर्षांचा, विलो त्याच्याच घुमटात राहायची. कुठलाही निर्णय वर्तुळात बसून व्हायचा. एक जण जरी नाही म्हणाला तरी गोष्ट होणार नाही. आणि सगळे हो म्हणेपर्यंत वर्तुळ मोडायचं नाही. वर्नाला हा नियम फार आवडायचा. कारखान्यात तिला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

"नाही," वर्तुळ बसलं त्या पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "दुमडायचं कसं ते मी शिकवते. उन्हाळ्यात नवा बांधा आणि तो न्या."

"प्रदर्शन जानेवारीत आहे," क्लेम म्हणाला.

"आणि थंडी कधी आहे?"

दोघंतिघं हसले. क्लेम हसला नाही. "सगळं जग बघेल गं, वर्ना. माणसं अशीही राहू शकतात म्हणून."

"मग राहू द्या की मला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रेम करायला सुरुवात केली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, ह्यांच्याशी काय करणार? एकीनं वर्नाचा हात हातात घेऊन तासभर आसवं गाळली. एक जण म्हणाला, तुझ्या आत अजून ते कुंपण घातलेलं मालकीचं घर उभं आहे गं, आम्हाला तुझी काळजी वाटते. बीन्सचं पातेलं आलं, फिरलं, रिकामं झालं. कुणी उठेना.

"आज तू 'माझं' हा शब्द अकरा वेळा वापरलास," क्लेम हळुवारपणे म्हणाला.

"आणि मोजत बसायचं काम कुणाचं, तुझं?"

ह्यावर कुणीच हसलं नाही. वर्नाला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. सगळे एका बाजूला होते आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला. वर्तुळालाही बाजू असतात हे तिला आज कळत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी विलो बोलली. तोवर ती मान खाली घालून बसली होती.

"आई," ती म्हणाली.

वर्नाचा ऊर भरून आला. सात महिन्यांनी ऐकत होती ती हा शब्द.

"आई, तू इथं माझ्यासाठी आलीस ना? मग माझ्यासाठी सोड. सगळे म्हणतायत, तुझ्यामुळे अडलंय. मला तुझी लाज वाटायला लागलीय. लाज वाटायला नकोय मला."

"मी राहू कुठं, लोरेटा?"

"कुठंही," क्लेम म्हणाला. "सगळे घुमट तुझेच आहेत."

माना डोलल्या. वर्ना लेकीकडे बघत राहिली, आणि मग हो म्हणाली. विलो धावत आली आणि तिनं आईला घट्ट मिठी मारली. त्या मिठीपायी वर्नानं आणखी दोन घरं दिली असती, असली तर.

पुढची तऱ्हा बघा. पोरांनी पक्कड लावून दोन त्रिकोण ओढले ते फाटलेच. शिवण उलगडायची कशी हे फक्त वर्नाला ठाऊक. तेव्हा तिनंच स्वतःचं घर तीन दिवसांत उसवलं, प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घातला आणि ट्रकमध्ये चढवून दिला. सांगाडाही गेला. खालची गोल फळ्यांची जमीन आणि लोखंडी शेगडी तेवढी एन्स्लींना नको होती, ती राहिली.

ट्रक दुपारी गेला. आभाळ भरून आलं होतं. वर्ना गादीची वळकटी घेऊन पहिल्या घुमटाशी गेली. तिथल्या बाईनं प्रांजळपणे वर बोट दाखवलं. मोकळी जागा होती तिथंच छत गळायचं. दुसऱ्यातलं जोडपं म्हणालं, आमच्या दोघांमध्ये सध्या काहीतरी नाजूक चालू आहे, तू समजून घेशील. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात, सगळीकडे तिला मिठ्या मिळाल्या. आत ये असं कुणी म्हणालं नाही. सातवा झाल्यावर तिनं मिठ्या घेणंही सोडलं.

शेवटी ती लेकीच्या दाराशी उभी राहिली.

"आज नको, आई," विलो म्हणाली. "क्लेम लिहितोय. प्रदर्शनाचं सगळं त्यालाच लिहायचंय ना, त्याला शांतता लागते."

"बर्फ पडेल गं आता."

"उद्या वर्तुळात विचार की. कुणी नाही म्हणणार नाही."

वर्ना परत फिरली. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती आपल्या गोल फळ्यांवर आली, शेगडी पेटवली, वळकटी पसरून वर बसली आणि हात शेकू लागली. डोक्यावर काही नव्हतं. चारच्या सुमारास भुरभुर बर्फ सुरू झालं.

उन्हाळ्यात ह्याच मंडळींनी गावात पोस्टासमोरच्या फुटपाथवर एक खाट मांडली होती, चादर-उशी घालून, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे बघत पलीकडे उभे राहिले होते. त्याला ते कला म्हणायचे. त्यामुळे उघड्या जमिनीवर पेटलेली शेगडी आणि बर्फात बसलेली बाई दिसल्यावर ते सगळे एकेक करून बाहेर आले, आणि फळ्यांच्या कडेपासून चार पावलं लांब थांबले. क्लेम लिहायचं टाकून आला.

"कुणी जवळ जाऊ नका," तो कुजबुजला. "घर नेलं, तरी ती घरातच बसलीय. बघा तरी."

"क्लेम, मला जागा दे रे कुठंतरी," वर्ना म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी कॅमेरा आणायला पळालं.

"मी खरंच सांगतेय," वर्ना म्हणाली, आणि कुणीतरी "वा" म्हणालं.

विलो घोंगडी घेऊन आली. तिचं एक पाऊल फळीवर पडलं होतं, तेवढ्यात क्लेमनं तिचं कोपर धरलं. "मोडू नकोस. तुझ्या आईनं पहिल्यांदाच काहीतरी केलंय."

विलोनं आईकडे पाहिलं. लेकीचा चेहरा अभिमानानं फुलला होता. लेकीनं कधीतरी आपल्याकडे असं बघावं म्हणून वर्ना ह्या माळरानावर आली होती, आणि आज ती बघत होती. मग विलोनं घोंगडी स्वतःच्या खांद्यांभोवती लपेटून घेतली आणि नीट दिसेल अशी जागा बघून सगळ्यांबरोबर खाली बसली.